नमुन्याची मुलगी

झाकण कोरडे होते. इंदिराबाईंनी ते नेहमीसारखेच पातेल्याच्या वर वीतभर उंच, किंचित तिरके धरले होते आणि खिडकीतला उजेड आतल्या बाजूवर पडावा म्हणून मनगट जरासे वळवले होते. जर्मनचे जुने झाकण. राखेने घासून घासून मधोमध एक मंद गोल चकाकी आलेली, काठाजवळ मिरीएवढा काळा ठिपका आणि त्या ठिपक्यापासून निघालेला एक बारीक ओरखडा. एवढेच. थेंब नव्हता. थेंब धरण्याआधी धातूवर जो धूसरपणा येतो, कुणी जवळून श्वास सोडावा तसा, तोही नव्हता. त्यांनी खाली पाहिले. स्टोव्ह विझला होता. कधी विझला ते त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. पातेल्यातले पाणी निपचित पडून होते. आणि त्यांनी अजून प्रश्नही विचारला नव्हता तोच पहिल्या ओळीतली गोकुळा उभी राहिली, तिने हाताची घडी घातली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात ती म्हणाली, “वाफ वर गेली, थंड झाकणाला लागली, गार झाली आणि तिचे थेंब झाले, बाई.” मग पाठात असते तशी ती पुढे आली, उजव्या हाताचे पहिले बोट तिने झाकणाला आतून लावले, वळून बाकीच्या सात मुलांना दाखवले आणि ते बोट परकराला पुसले.

त्या पुसण्यावर इंदिराबाईंची नजर अडकली. उत्तर पाठ असणे वेगळे. पाठ केलेले उत्तर चुकून आधी तोंडातून निघून जाते, त्यात काही नवल नाही. पण कोरडे बोट कुणी पुसत नाही. खोटे बोलणारे माणूस बोट पुसायचे विसरले असते. हिने पुसले, म्हणजे हिला ते ओले लागले होते. मागे सतरंजीवर बसलेले चाळीस नवे मास्तर माना खाली घालून लिहीत होते. वाळल्या पाचोळ्यातून सरडे पळावेत तसा पेन्सिलींचा आवाज येत होता. एकानेही मान वर केली नाही. चांद्याहून समारोपासाठी आलेले डेप्युटी साहेब भिंतीशी खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, “वा! निरीक्षणशक्ती पाहा, मंडळी. खेड्यातलीच पोर आहे ही. याला म्हणतात अनुभवातून शिक्षण.” साहेबांच्या शेजारी उभ्या असलेल्या हेडमास्तर बोरकरांनी, आपल्याच घरच्या मुलीचे कौतुक व्हावे तशी मान लववली. इंदिराबाईंना वाटले, आता आपण म्हणायला हवे, की थांबा, झाकण कोरडे आहे. वाक्य तयार होते. लहानसे तर वाक्य. पण त्यांचा आवाज त्यांना न विचारताच पुढे निघून गेला होता आणि शांतपणे विचारत होता, “मग मुलांनो, आकाशात पाऊस कसा तयार होत असेल?” आणि आठही हात वर गेले होते.

सिंदेवाहीच्या या शाळेत नवशिक्षकांचा उद्बोधन वर्ग भरू लागल्याला चार वर्षे होत आली होती. मधल्या काळात चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कागदांवरचे शिक्के बदलले, हेडमास्तरांच्या खोलीतला नकाशा बदलला. वर्ग तोच राहिला. सातवी पास झालेली पोरे, क्वचित एखादी मुलगी, अशी तुकडीमागून तुकडी यायची. तीन आठवड्यांत तिला प्रार्थना, टकळी, हजेरी, आरोग्य आणि ‘शिकवावे कसे’ हे सांगायचे आणि मग अहेरी, एटापल्ली, जिकडे एका शाळेला एकच मास्तर तिकडे पाठवून द्यायचे. शिकवावे कसे हे दाखवायचे तर समोर मुले पाहिजेत. म्हणून गावातली आठ मुले निवडून दुसरीत बसवली होती. ती निवड इंदिराबाईंनीच केली होती. नागपूरला सायन्स शिकलेल्या, मोजूनमापून बोलणाऱ्या बाई. त्यांनी कसोटी लावली ती एकच, परक्या माणसासमोर ज्याची वाचा बसत नाही ते मूल. तलावावर मासोळ्या धरणाऱ्या सोमाजीची पोरगी गोकुळा तेव्हा सात वर्षांची होती. तिचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जायचा. सकाळी बाई नमुन्याचा पाठ घ्यायच्या, मग दिवसभर एकेक नवा मास्तर त्याच आठ मुलांसमोर उभा राहून हात बसवून घ्यायचा. कुणी बेरीज, कुणी गोष्ट, कुणी दात घासण्याचे महत्त्व. गावात एखादा दगड असतो, सगळ्यांच्या विळ्यांना त्यावर धार लागते. विळे कामाला निघून जातात. दगड तिथेच असतो आणि मधोमध झिजून त्याला खोलगा पडतो. बाकीची सात मुले बदलत गेली. कुणाचे आईबाप कामाला दुसरीकडे गेले, कुणी ढोरामागे गेले, कुणी उंच झाले आणि दुसरीतले दिसेना. गोकुळा अंगाने बारीक. दर जूनमध्ये हेडमास्तर म्हणायचे, “यंदा हिला राहू द्या बाई दुसरीतच. हिच्यावाचून वर्गाले रंग नाही चढत.” आणि दर जूनमध्ये इंदिराबाईंनी मान हलवली होती. आता गोकुळा अकरा वर्षांची होती.

पाठ संपला आणि प्रश्नोत्तरे सुरू झाली. अहेरीकडचा पत्रू नावाचा मास्तर उठला. त्याला सूरजागडच्या डोंगराखालची एक शाळा मिळाली होती. शाळा म्हणजे सध्या कुडाच्या चार भिंती, असे तोच हसत सांगायचा. तो म्हणाला, “बाई, आमच्या तिकडं पोट्टे गोंडीच बोलतेत. ते असे धडाधड उत्तर देतीन काजी?” कोणीतरी मागून म्हणाले, “अबे, तू धडाधड प्रश्न त विचार पयले!” हशा झाला. पत्रूही हसला आणि म्हणाला, “नाई त बाई, असं करा ना, हे आठ पोट्टेच देऊन टाका आमाले. सूरजागडाले नेतो. साहेब आले का यायलेच पुढं बसवतो!” या वेळी डेप्युटी साहेबही हसले. गोकुळा हसली ती सगळ्यांच्या नंतर. आधी तिने इंदिराबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले, तिथे काय आहे ते पाहिले आणि मगच हसली. हे तिचे असे पाहणे इंदिराबाईंना आता अंगावर कुणीतरी बोट ठेवल्यासारखे कळायचे. पाठ फिरवली तरी कळायचे.

मधल्या सुट्टीत त्या पातेले घेऊन मागच्या ओसरीवर गेल्या. पाणी ओतून द्यायचे होते. फाल्गुनातले ऊन, मोहाच्या झाडाखाली पिवळट फुलांचा सडा आणि त्याचा गोडसर, जरा डोके धरणारा वास. पाणी ओतले तर जमिनीने ते आवाज न करता पिऊन टाकले. नागपूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी त्यांना प्रयोगशाळा आवडली होती ती याचसाठी, की तिथे एखादी गोष्ट कुणी सांगितली म्हणून नव्हे तर समोर घडते म्हणून खरी असायची. घरी सगळेच कुणीतरी सांगितलेले होते. वडिलांनी, शेजाऱ्यांनी, चांद्याच्या देवीच्या पुजाऱ्याने. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्या वेळी त्यांना वाटले होते की हे आपण कुठेतरी नेऊन दुसऱ्या कुणाला देऊ. अशी एकच गोष्ट, की बघ, आणि दिसेल ते बोल. तेवढे दिले तरी एका माणसाच्या आयुष्याला पुरे आहे असे वाटले होते. गोकुळा पाण्याच्या रांजणाशी उभी होती. त्यांनी तिला हाक मारली. ती आली, हाताची घडी घालून उभी राहिली.

“गोकुळा, मघा झाकण ओलं होतं का गं?”

“हो, बाई.”

“बोटाला पाणी लागलं?”

गोकुळाचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर फिरले. कपाळ, ओठ, पुन्हा डोळे. “नाही, बाई.”

“मग ओलं होतं की नव्हतं?”

गोकुळाची घडी सुटली. ती पायाच्या अंगठ्याने ओसरीची शेणसारवण उकरू लागली आणि आवाज एकदम खाली आणून, पाठातली नव्हे तर घरची भाषा बोलत म्हणाली, “काय म्हनू, बाई?”

ती उद्धटपणे विचारत नव्हती. मदत मागत होती. तुम्हाला जे पाहिजे ते मी म्हणते, फक्त मला सांगा, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि ते म्हणताना तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. इंदिराबाई म्हणाल्या, “काही नाही. जा, खेळ.” गोकुळा गेली. खेळायला नव्हे, बाकीच्या सात मुलांना ओळीत बसवायला.

दिवाळीनंतरची एक दुपार त्यांना आठवली. तशी ती रोजच आठवायची, पण आज तिच्या कडा अधिक धारदार होत्या. त्या दिवशी वर्ग नव्हता. गोकुळा ओसरीवर एकटीच दुसरीचे पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्याने वाचत होती. तळ्यावरच्या बगळ्याचा धडा. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत होती. इंदिराबाई मागून आल्या तेव्हा त्यांना दिसले, की उघडलेल्या पानावर बाजाराचा धडा आहे, बैलगाडीचे चित्र आहे. बगळ्याचा धडा संपता संपता गोकुळाने बरोबर वेळेवर पान उलटले आणि पुढचे वाचत राहिली. त्यांनी तिला आत नेले, फळ्यावर ‘सोमाजी’ असे तिच्या बापाचे नाव लिहिले आणि म्हणाल्या, वाच. गोकुळाने फळ्याकडे पाहिलेच नाही. ती त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली, ते कुठला आकार घेतात याची वाट पाहत. मग इंदिराबाईंना एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्याचा त्यांना पुढे कितीतरी दिवस तिटकारा येत राहिला. त्या तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. आता तिला फक्त फळा दिसत होता. बराच वेळ गोकुळाची मान ताठ होती, मग तिचे खांदे बारीक बारीक हलू लागले. ती आवाज न करता रडत होती. तरीही तिने मागे वळून पाहिले नाही, कारण तशी परवानगी तिला मिळाली नव्हती. चार वर्षे शाळेत रोज येणारी मुलगी. चार वर्षांत तिला कुणी शिकवले नव्हते. मास्तर तिच्यावर फक्त शिकवणे शिकले होते. त्यानंतर इंदिराबाईंनी संध्याकाळी तिला बसवून पाहिले. गोकुळा यायची, पाणी भरून दमलेली. पाटीवर ‘क’ गिरवायची आणि लगेच वर बघायची. ‘क’ बरोबर आहे की नाही ते पाटीवर नसून बाईंच्या तोंडावर आहे, ही तिची खात्री चार वर्षांत घट्ट झाली होती. मग नवी तुकडी आली, पुन्हा दिवसभर पाठ, आणि संध्याकाळचे बसणे राहून गेले. तुकडी गेली की बोलू, असे त्या स्वतःला सांगत राहिल्या. हेडमास्तरांशी बोलू, तिच्या आईशी बोलू. तुकड्या येत होत्या आणि जात होत्या.

“बाई, जरा टाइम हाय काजी?” पत्रू ओसरीच्या खांबाशी उभा होता. हातात टोपी. “नमुना पाठ मी पुरा तोंडपाठ केला जी. एकडाव ऐकून घ्या. तिकडं गेल्यावर मंग कोनाले विचारू?” आणि त्यांनी हो म्हणण्याआधीच तो सुरू झाला. “मुलांनो, हे काय आहे? हे पातेले आहे. पातेल्यात काय आहे?” त्याने कल्पनेतले झाकण उचलले, वीतभर उंच धरले, मनगट वळवले. जिथे इंदिराबाई थांबायच्या तिथे तो थांबत होता. पाठाच्या मध्यावर त्यांना खोकण्याची सवय होती, लहानसा, पदर तोंडाशी नेऊन. पत्रूनेही हात तोंडाशी नेला आणि तेवढेच खोकला. त्याला ते खोकणे वाटत नव्हते. तो पाठाचाच भाग होता. मग त्याने रिकाम्या ओसरीकडे पाहून शाबासकी दिली, “छान! बस गोकुळा.” आणि आनंदाने विचारले, “जमलं नाजी?”

“तिथं गोकुळा नसेल, पत्रू.”

“हो ना जी,” तो विचारात पडून म्हणाला. “मंग एकादीचं नाव गोकुळा ठिवतो.”

तो थट्टा करत होता की खरे बोलत होता ते त्यांना कळले नाही. त्यांनी त्याला हसूनही दाखवले असेल. पण त्याच्या मागे, मोहाच्या झाडापलीकडे, त्यांना एकापाठोपाठ एक अशी माणसे जंगलातल्या पायवाटांनी जाताना दिसू लागली, चार वर्षांच्या सगळ्या तुकड्यांची, आणि प्रत्येकाच्या पेटीत हे पाठ केलेले खोकणे. कुठेतरी कुडाच्या भिंतींच्या आत, ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही अशी मुले आत्ता या क्षणी गप्प बसली असतील, आणि एक माणूस हवेतले झाकण वळवत असेल. त्या पोरांचे मौन निदान खरे तरी होते.

वच्छला आली ती मागच्या वाटेने, रिकामी टोपली बगलेत घेऊन. गोकुळाची आई. हातांना मासोळ्यांचा वास, कपाळावर मोठे कुंकू, बोलणे नेहमी चढ्या आवाजात, कारण तलावाच्या या काठावरून त्या काठावर बोलायची सवय. “बाई, थो मोठा सायेब आला म्हन्ते आज? माही गोकुळा बोलली म्हन्ते त्याच्यासमोर? आमच्याकडं त लाकडं फोडाले सांगतलं त ऐकत नाई, अन् सायबापुढं पोपटावानी!” ती हसली. मग टोपली खाली ठेवून जवळ आली आणि आवाज तिच्या मानाने खूपच खाली आणून म्हणाली, “एक गोठ पुसाची होती जी. अहेरीच्या अलीकडं माहा भाऊ राह्यते. त्यानं घर पायलं हिच्यासाठी. पोरगा फॉरेस्टात कामाले हाय, दोन टाइम खाऊन सुखी हाय. बुधवारच्या बाजारात निरोप द्याचा हाय, हो का नाई. हिचा बाप म्हन्ते, देऊन टाकू. म्या त्याले म्हनलं, थांब. बाईनं मले पयल्या दिशीच सांगतलं होतं, तुझी पोरगी मास्तरीण होईन. तुमी सांगतलं होतं नाजी?”

“सांगितलं होतं,” इंदिराबाई म्हणाल्या. त्यांना तो दिवस आठवत होता. आठ मुले पाहिजे होती आणि वच्छला पोरगी सोडायला तयार नव्हती; घरी धाकटे पोर सांभाळायला कोण? तेव्हा त्या सहज बोलून गेल्या होत्या. उन्हातून चालताना वाटेतले एक पान तोडावे इतके सहज. वच्छलाने ते पान चार वर्षे जपून ठेवले होते. चार वर्षे धाकटे पोर बरोबर वागवत ती सरकारी फार्मावर धानाच्या कामाला गेली होती, पण गोकुळाला तिने एक दिवस घरी ठेवली नव्हती.

“बस, मंग माहं काम झालं. तुमी आता एकडाव हिच्या बापासाठी बोला, कोन्त्या वर्गात गेली, अजून किती सालं लागतीन. मास्तरीण होत असन त मी त्याईले नाई म्हनून निरोप धाडावा. अन् होत नसन…” वच्छलाने टोपलीच्या काठाचा एक सुटलेला बांबू दाबून बसवला. “होत नसन त मंग पोरीले उगाच कायले बुढी करा घरात?”

“कार्यक्रम संपू दे. मग सांगते,” इंदिराबाई म्हणाल्या. आणि आपण पुन्हा तेच म्हणालो हे त्यांना म्हणता म्हणताच ऐकू आले.

त्यांची आई चांद्याच्या घरात मधल्या खोलीत पडून असायची तेव्हाही त्या खरे सांगणे असेच टाळायच्या. कॉलेजच्या सुट्टीत त्या घरी आल्या होत्या. वडील दवाखान्यात कंपाउंडर; थर्मामीटर घरात होते आणि ते वाचता येणारी आता आपली मुलगीही आहे याचे आईला फार अप्रूप. रोज संध्याकाळी आई ते जिभेखाली धरायची आणि काढून तिच्याच हातात द्यायची. इंदिरा उजेडाकडे वळून पारा बघायची आणि खरा आकडा गिळून दुसराच सांगायची. कमी आहे, आई. उतरतोय. आईच्या चेहऱ्यावर त्या आकड्याने येणारी टवटवी पाहून एक दिवस तिला वाटले, पारा वर चढतो ही गोष्ट आपल्या न सांगण्याने खरोखरच थोडी कमी खरी होत असेल. काचेतली ती बारीक चंदेरी रेघ आणि आईचा चेहरा या दोहोंत तिने आईचा चेहरा निवडला होता. मग एका संध्याकाळी आईने थर्मामीटर जिभेखालून काढले, स्वतःच झटकले आणि डबीत ठेवून दिले. काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे इंदिराबाईंना पुढे आयुष्यभर पुरले. आईला शेवटपर्यंत काय माहीत होते, आणि ती कुणासाठी आकडे ऐकत होती, हे त्यांना कधीच कळणार नव्हते. इतके मात्र कळले होते, की दयेने सांगितलेल्या आकड्यांनी माणूस एकटे पडते. आणि हे कळूनही त्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

समारोपाची भाषणे सुरू झाली. डेप्युटी साहेब बोलत होते आणि त्यांचे शब्द इंदिराबाईंना पाण्याखालून ऐकल्यासारखे येत होते. नवे राज्य, जंगलातला अंधार, ज्ञानाचा दिवा. त्या मनात एकच गणित पुन्हा पुन्हा मांडत होत्या आणि ते दर वेळी त्याच दोन ठिकाणी येऊन थांबत होते. मी म्हणाले की पोरगी पुढे चालली आहे, तर बुधवारी नकार जाईल. गोकुळा वाचेल. कशापासून? अहेरीच्या अलीकडच्या एका चुलीपासून. आणि इथे राहील, अजून एक तुकडी, अजून दोन, मग परकराची साडी होईल तेव्हा तिला कुणीतरी घरी पाठवेल, तोंडात पाच पाठांची उत्तरे आणि अक्षर एक नाही. मी खरे म्हणाले, तर सोमाजी ऐकेल. अकरा वर्षांची घोडी अजून पाटी धरते? देऊन टाका. तो चूक म्हणता यायचा नाही. म्हणजे खोटे बोलले तर पोरगी शाळेत राहते आणि शिकत नाही. खरे बोलले तर शिकण्याची वाट उघडते आणि त्याच दारातून तिला बाहेर नेतात. कुठल्याही बाजूने धरले तरी हात भाजणारे भांडे. चोरून शिकवावे, कुणालाही न कळता? तेही करून झाले होते. दिवसभर जिला उत्तरे पाहिजेत असतात तिला संध्याकाळी अक्षर शिकवता येत नाही. त्यांना एकाएकी विलक्षण थकवा आला. आपण या खोलीत चार वर्षे एकच वाक्य बोलत आलो आहोत आणि खोलीला ते ऐकूही येईनासे झाले आहे, असे वाटले.

भाषण संपले. साहेबांनी गोकुळाला पुढे बोलावून नवी पाटी बक्षीस दिली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे उठले, सतरंज्या गोळा होऊ लागल्या. ओसरीवर चहा आला. हेडमास्तर, साहेब आणि इंदिराबाई कपबशा घेऊन उभे होते. गोकुळा पाटी छातीशी धरून आईला शोधत आली. वच्छला खांबाआड, पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

“हिला अजून दुसरीतच कसं ठेवलं, बोरकर?” साहेब बशीत चहा ओतत म्हणाले. “अशी चुणचुणीत पोर. तिसरीत घाला की.”

“साहेब, तिसरीत कायले?” हेडमास्तर हसून म्हणाले. “आषाढात पुढची तुकडी येऊन राह्यली. तेवढी निघू द्या. मग हिले एकदम चौथीतच बसवतो. तुमचा शब्द आन् माहा शब्द.”

“चौथीत!” साहेबांनी भुवया उंचावल्या. “बघा, बाई, तुमच्या हाताखालची पोर. तुमचं काय म्हणणं?”

चौथी हा शब्द खांबाआड गेला होता. वच्छला पुढे आली. साहेबांसमोर यायचे नाही हे ती विसरली होती. तिच्या काळ्याभोर, उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला होता, की इंदिराबाईंना तिच्याकडे पाहवेना. तिने हात जोडले, पण साहेबांना नाही. “ऐकलं नाजी, बाई? चौथी! मंग मी बुधवारी नाई म्हनून सांगावं ना? तुमच्या तोंडून सांगा, बाई. बाकी कोनाचं मले समजत नाई. होईन ना माही पोरगी मास्तरीण?”

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. साहेब बशी ओठांशी धरून, हेडमास्तर हसू तसेच ठेवून. पत्रूही सतरंजीची गुंडाळी खांद्यावर घेऊन थबकला होता. बाहेर फार्मावरून परतणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकू येत होते, तुटक, एकमेकींना चिडवणारे. इंदिराबाईंनी कपबशी ओसरीच्या कठड्यावर ठेवली. आपण आता जे बोलणार आहोत त्याने काहीही वाचणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. उद्या साहेबांचा कागद येईल, हेडमास्तर बोलणे टाकतील, आषाढात दुसरी कोणी आठ मुले बसवली जातील. सोमाजी ऐकेल आणि बुधवारी हो म्हणून सांगून येईल. ही बाई, जिने आपल्या एका शब्दावर चार वर्षे काढली, ती पुन्हा या ओसरीवर पाय ठेवणार नाही. आणि गोकुळा, पाटी छातीशी धरलेली, या दुपारसाठी आपल्याला कधी माफ करील असे मानायला काहीच आधार नव्हता. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि वच्छलाच्या डोळ्यांत सरळ पाहिले.

“होईल की नाही ते मला माहीत नाही, वच्छलाबाई,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “तिला एकही अक्षर वाचता येत नाही. चार वर्षांत मी तिला ते शिकवलं नाही. तिसरी नाही, चौथी नाही. उद्यापासून गोकुळा पहिलीत बसेल.”